जागल्याचा वारस

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या मुलुंडच्या सोसायटीने आमच्यावर एक कामगिरी सोपवली. इमारत १९७८ सालची, चार मजली, बत्तीस सदनिकांची. फाटकावरचे आणि जिन्यातले जुने कॅमेरे एकेक करून आंधळे झाले होते. नवी यंत्रणा घ्यावी असे सर्वसाधारण सभेत ठरले होते, तीन कोटेशने आली होती, आणि त्यांचा तुलनात्मक गोषवारा करून सभेपुढे ठेवायचा होता. हे काम मराठीच्या प्राध्यापकाकडे का, असे विचारल्यावर सेक्रेटरी म्हणाले, 'सर, तुम्ही सगळं वाचता. आम्ही फक्त शेवटचा आकडा वाचतो.' या उत्तरापुढे आमचा निरुपाय झाला.

तिन्ही कोटेशने आम्ही वाचली. एखादे अवघड प्रकरण शिकवायला घेण्यापूर्वी वाचावे तशी, हातात पेन्सिल घेऊन वाचली. कॅमेऱ्यांची संख्या, मेगापिक्सेल, हार्ड डिस्क, केबलचे मीटर हे सगळे समजण्यासारखे होते. खरा भेद 'स्मार्ट डिटेक्शन' या सदराखाली होता. पहिल्या यंत्रणेला केवळ हालचाल कळणार होती. दुसरीला माणूस, वाहन आणि जनावर यांतला फरक कळणार होता. तिसरी, आणि सर्वांत महाग, चेहरे ओळखणार होती, आणि तिच्या मराठी माहितीपत्रकात दोन शब्द होते: 'अनोळखी व्यक्ती' आणि 'संशयास्पद हालचाल'. आमची पेन्सिल या दोन शब्दांपाशी थांबली. अनोळखी कोणाला? आणि संशय कोणाचा, कोणावर? किमतीच्या रकान्यात या प्रश्नांची उत्तरे नव्हती. म्हणून थोडे मागे जावे लागले, आणि जाता जाता अपेक्षेपेक्षा बरेच मागे गेलो.

मराठीत राखणीच्या शब्दांना तोटा नाही. पहारा हा प्रहराशी नाते सांगतो, म्हणजे त्यात आधी काळ आहे, मग माणूस. गस्त आणि नजर फारसी-अरबीतून आल्या. पाळत हा शब्द 'पाळणे' या क्रियापदाच्या घरातला वाटतो, आणि जो पाळतो तोच पाळतही ठेवतो ही घरगुती वस्तुस्थिती त्यात आपसूक आली आहे. पण या सर्वांत आम्हांला सर्वांत जवळचा वाटतो तो जागल्या. गावगाड्यातला हा रात्रीचा माणूस. त्याचे काम त्याच्या नावातच आहे: इतरांनी झोपावे म्हणून याने जागायचे. वेशीवर महार वेसकर, काही मुलखांत रामोशी, काही ठिकाणी भिल्ल. नावे आणि जाती बदलत, काम तेच.

पेशवाई बुडाल्यानंतर एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात या गावराखणदाराच्या कर्तव्यांचे वर्णन आहे. ते आज वाचताना कोणाला तिसऱ्या कोटेशनाचे माहितीपत्रकच आठवेल. रात्री गाव राखणे हे तर आहेच. शिवाय भोवतालच्या दरोडेखोरांच्या हालचालींची खबर ठेवणे, गावातल्या प्रत्येक माणसाचा स्वभाव ठाऊक असणे, आणि चोरी झालीच तर चोर शोधून काढणे किंवा त्याचा माग गावाच्या हद्दीबाहेर पोचवून देणे. आजच्या भाषेत सांगायचे तर चेहऱ्यांची नोंद, हालचालींचे विश्लेषण आणि मागील चित्रीकरणाचा शोध. दोनशे वर्षांपूर्वी हे सर्व एका माणसाच्या डोक्यात आणि तळव्यांत होते.

यातला माग हा प्रकार आम्हांला विशेष विचार करण्याजोगा वाटतो. पावलांचे ठसे पाहत राखणदार शिवेपर्यंत जाई. ठसे पुढच्या गावात शिरलेले दाखवून दिले की जबाबदारी त्या गावाच्या राखणदारावर पडे. तो ते पुढे नेई. जिथे माग विझला तिथल्या गावाने किंवा राखणदाराने नुकसानीची भरपाई करावी, असाही संकेत होता. तो प्रत्येक वेळी पाळला जात असेल असे नाही, पण तत्त्व पाहण्यासारखे आहे. पाहणारा आपल्या पाहण्याला बांधलेला होता. चुकीच्या दिशेने माग काढला तर त्याची किंमत कोणीतरी, आणि बहुधा तोच, मोजत असे. तिन्ही कोटेशनांच्या तळाशी मात्र बारीक अक्षरांत एकच मजकूर होता: यंत्रणेच्या निष्कर्षांना कंपनी जबाबदार नाही.

गावगाड्याचे गोडवे गाण्याचा मोह इथेच आवरला पाहिजे. जो वेसकर साऱ्या गावाची वेस राखी, त्याचे घर त्या वेशीच्या आत नव्हते. त्याला गावातला प्रत्येक माणूस ठाऊक असणे आवश्यक होते. गावाला त्याच्याविषयी काही ठाऊक असण्याची गरज नव्हती. रामोश्यांची गोष्ट याहून कडवट आहे. पुरंदरच्या परिसरात राखणीचे हक्क बाळगून असलेला हा समाज कंपनी सरकारच्या अमलात त्या हक्कांना मुकला. उमाजी नाईकांचे बंड त्यातून उभे राहिले आणि १८३२ साली त्यांना फाशी झाली. त्याच काळात पुण्याच्या छावणीतले गोरे साहेब मात्र बंगल्यावर रामोशी ठेवीत. कारण उघड होते: रामोशी पगारावर असला की त्या बंगल्यावर चोरी होत नसे. रखवालदार आणि संशयित एकाच माणसात पाहण्याची ही सवय इंग्रजांनी शोधून काढली असे म्हणता येणार नाही. त्यांनी तिला छापील यादीचे रूप दिले.

ती यादी म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. त्याआधीच, १९०८ साली, इलाख्याच्या पोलीस खात्यातले वरिष्ठ अधिकारी मायकेल केनेडी यांचे या जमातींवरचे पुस्तक निघाले होते. कोणत्या जमातीचा पोशाख कसा, बोली कोणती, वेषांतरे कोणती, घर फोडण्याची रीत कोणती, असा तो एक सविस्तर ओळखकोश आहे. पोलिसाने वाटेतल्या माणसाकडे पाहून तो कोण हे ठरवावे यासाठी केलेला.

मराठीच्या विद्यार्थ्याने इथे एक तपशील लक्षात घ्यावा. 'गावगाडा' (१९१५) हा ग्रंथ आपण सर्वजण त्रिंबक नारायण आत्रे यांच्या नावाने ओळखतो, अभ्यासक्रमात त्याचा आदराने उल्लेख करतो, आणि जागल्या-वेसकरांची कामे समजून घ्यायची तर आजही तोच उघडतो. त्याच आत्र्यांनी चार वर्षे आधी, १९११ साली, 'गुन्हेगार जाती' नावाचे पुस्तक लिहिले होते. 'गावगाड्या'तही फिरस्त्यांविषयी ते जे लिहितात ते स्थिर शेतकऱ्याच्या उंबऱ्यावरून लिहितात. येणारा प्रत्येक भटका तिथे गावावरचा भार असतो. आत्र्यांचे निरीक्षण बारीक होते आणि शेतकऱ्याविषयीचा कळवळाही खरा होता, याबद्दल आम्हांला शंका नाही. पण गावाची राखण आणि माणसांची यादी ही एकाच लेखणीतून, चार वर्षांच्या अंतराने, बाहेर पडली.

आता उपनगराकडे. आज ज्याला आपण मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली म्हणतो ती साष्टीतली गावे होती. शेत, खाजण, कोळीवाडा, गावठाण. पूर्वेकडे १८५३ ची ठाण्याची आगगाडी आणि पश्चिमेकडे १८६०-७० च्या दरम्यानची बी.बी.सी.आय. रेल्वे यांनी त्यांना मुंबईला जोडले. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा झाला, १९५० साली उपनगरांचा काही भाग आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंतचा भाग महापालिकेत आला. या काळात इथे येऊन राहिलेल्या माणसांनी गिरगाव-परळच्या चाळीतून एक पद्धत सोबत आणली होती. चाळीच्या सामाईक गॅलरीत राखणीची वेगळी व्यवस्था लागतच नसे. जिना चढणाऱ्याला पहिल्याच मजल्यावर कोणीतरी विचारी, 'कोण पाहिजे?' या प्रश्नात आपुलकी किती आणि चौकशी किती हे सांगणे कठीण. तरुण मुलींना आणि विधवांना त्या गॅलरीचा जो जाच झाला त्याच्या नोंदी आपल्या कथासाहित्यात भरपूर आहेत. पण निदान उत्तर देण्याची सोय होती. चढणारा 'मी अमक्याचा भाचा' म्हणे आणि विषय संपे.

ब्लॉक आले, तेव्हा गॅलरी गेली. तिच्या जागी दाराला एक लहानसे भिंग आले आणि पुढे लोखंडी जाळीचे दुसरे दार. रात्री नेपाळी गुरखा शिट्टी वाजवीत, काठी आपटीत जाई आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दारोदार पैसे घेऊन जाई. तोही आपल्यापरीने जागल्याच होता, फक्त वतनाशिवाय. महाराष्ट्राने १९८१ साली खासगी सुरक्षारक्षकांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा केला. केंद्राचा सुरक्षा एजन्सींविषयीचा कायदा २००५ चा. आजचा आमचा रक्षक एजन्सीचा आहे, बारा तासांच्या पाळीवर. दर काही महिन्यांनी तो बदलतो. कधी एजन्सी बदलते म्हणून, कधी त्याला दुसरीकडे हजार रुपये जास्त मिळतात म्हणून. बत्तीस घरांतले चेहरे पाठ होतात न होतात तोच नवा माणूस येतो. जागल्याचे जे मुख्य भांडवल, म्हणजे ओळख, ते जमायला त्याला वेळच मिळत नाही. तिसऱ्या कोटेशनातली यंत्रणा नेमके हेच भांडवल विकत होती.

कॅमेरे मात्र यासाठी आले नव्हते. ते भीतीतून आले. २ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपर स्थानकाबाहेर बसमध्ये स्फोट झाला. १३ मार्च २००३ रोजी मुलुंड स्थानकात लोकलच्या डब्यात. २८ जुलै २००३ रोजी पुन्हा घाटकोपरला बसमध्ये. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेवर. ज्यांनी त्या वर्षांत या गाड्यांतून प्रवास केला त्यांना बेवारस वस्तूला हात न लावण्याविषयीची ती उद्घोषणा आजही तोंडपाठ असेल. संशय हे तेव्हा नागरिकाचे कर्तव्य झाले. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर शहरभर कॅमेरे लावण्याची मागणी झाली, आणि २०१६ मध्ये साडेचार हजारांहून अधिक कॅमेऱ्यांची पोलिसांची यंत्रणा सुरू झाली. सोसायट्यांनी त्याची वाट पाहिली नाही. आमच्याकडचे पहिले चार कॅमेरे २००९ चे. त्यांचे चित्र रक्षकाच्या खोलीतल्या पडद्यावर दिसे आणि कोणी ते पाहत नसे. काही घडले की मागचे चित्रीकरण काढायचे, आणि तेव्हा बहुधा कळायचे की डिस्क महिनाभरापूर्वीच बंद पडली आहे.

घरातल्या कॅमेऱ्याची मूळ कल्पना याहून वेगळी होती. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या कृष्णवर्णीय परिचारिकेने नवऱ्याच्या साहाय्याने १९६६ साली अशा यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ साली ते मिळाले. कामाच्या वेळा आडनिड्या, वस्तीत चोऱ्या, बोलावले तरी पोलीस उशिरा येणार, अशा स्थितीत तिने दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार छिद्रे ठेवली, त्यामागे सरकणारा कॅमेरा बसवला आणि चित्र शयनगृहातल्या पडद्यावर आणले. बाहेरच्याशी बोलता येई. दार उघडण्याची आणि धोक्याची सूचना देण्याची कळ हाताशी. यंत्र इथे फक्त डोळा वाहून नेत होते. समोरचा कोण आहे, हे पडद्यापाशी बसलेली बाई ठरवी.

पुढच्या काळात हे ठरवणेही यंत्राकडे गेले. आधी साधी युक्ती होती: चित्राच्या दोन चौकटींत फरक पडला की सूचना. वडाची सावली हलली, सरी आल्या, भिंगापुढे कोळ्याने जाळे विणले, रात्रीच्या अवरक्त प्रकाशावर किडे जमले, की रात्रभर फोन वाजत राही. मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसात ही यंत्रणा म्हणजे लांडगा आल्याची रोज आरोळी ठोकणारा मेंढपाळच. मग देहाच्या उष्णतेतला बदल टिपणारे संवेदक आले. २००१ मध्ये व्हायोला आणि जोन्स यांनी चित्रातला चेहरा झटपट शोधण्याची रीत दिली. २००५ मध्ये नवनीत दलाल आणि बिल ट्रिग्ज यांनी फ्रान्समध्ये काम करताना उभ्या माणसाची आकृती ओळखण्याची रीत मांडली. २०१२ नंतर लाखो चित्रांवर शिकवलेली जाळी आली आणि २०१५ च्या सुमारास एका दृष्टिक्षेपात माणूस, कुत्रा, गाडी वेगळी करणारी 'योलो' ही पद्धत. ती शोधणाऱ्या जोसेफ रेडमनने २०२० साली हे संशोधनच सोडले. लष्करी वापर आणि खासगीपणाचे प्रश्न दुर्लक्षिता येईनात, असे त्याने जाहीरपणे सांगितले. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या व्यापारी प्रणाली गोऱ्या पुरुषांबाबत शंभरात एखादीही चूक करीत नव्हत्या, पण सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत एकीची चूक चौतीस टक्क्यांच्या वर गेली होती, हे जॉय बुओलाम्विनी आणि टिमनित गेब्रू यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले. आमच्या जिन्यात कोण चढते हे ज्याला माहीत आहे त्याने हा आकडा दोनदा वाचावा.

इथे एक विषयांतर. उपनगरात अशी ओळख पटवण्याचे एक काम फार चांगले चालते, आणि ते माणसांबाबत नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात झाडाला बांधलेले कॅमेरे त्याच उष्णतेच्या संवेदकाने जागे होतात, आणि अभ्यासक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक जनावर वेगळे ओळखतात. २०१५ च्या अभ्यासात असे पस्तीस बिबटे मोजले गेले. जानेवारी २०१८ मध्ये आमच्याच मुलुंड पूर्वेला नाणेपाड्यात बिबट्या शिरून काही जण जखमी झाले, तेव्हापासून सभेत 'जनावर ओळखणारा कॅमेरा' या विषयाला कायमचे स्थान आहे. ठिपक्यांवरून ओळखल्याने बिबट्याचे काही बिघडत नाही. त्याला कोणी फाटकावर थांबवून पिशवी उघडायला सांगत नाही.

पिशवीचा उल्लेख सहज आलेला नाही. तिसऱ्या कंपनीने पंधरा दिवसांची विनामूल्य चाचणी देऊ केली, आणि आम्ही, गोषवाऱ्यासाठी बरे, म्हणून होकार दिला. सभासदांचे आणि कुटुंबीयांचे फोटो नोंदवले गेले. जे नोंदवले नाहीत ते सर्व यंत्राच्या लेखी 'अनोळखी'. आमच्या मजल्यावर चार घरी काम करणाऱ्या मावशींचा फोटो कोणी नोंदवला नाही. त्या सभासद नव्हेत, त्यामुळे ते कोणाच्या मनातही आले नाही. आमच्याही नाही, हे इथे नमूद केले पाहिजे. दुसऱ्या आठवड्यात वाहनतळातून एका मुलाची सायकल नाहीशी झाली. सगळे चित्रीकरण पाहण्याऐवजी समितीने सोपा मार्ग धरला, 'अनोळखी' सूचनांची यादी काढली. दिवसाकाठी दोन या हिशेबाने मावशी तिच्या शिरोभागी होत्या. त्या संध्याकाळी फाटकावर, चार माणसांदेखत, रक्षकाने त्यांची पिशवी तपासली. सायकल पिशवीत मावत नाही हे कोणाच्या ध्यानात आले नाही. सायकल दोन दिवसांनी शिकवणीच्या वर्गाबाहेर सापडली. मुलगा तिथेच विसरला होता.

यंत्राने चूक केली नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवे. त्याला जी यादी दिली तिच्याशी ते प्रामाणिक राहिले. पुण्याला स्थायिक झालेला, पाच वर्षांत इकडे न फिरकलेला एका सभासदाचा मुलगा त्याच्या लेखी ओळखीचा होता. सतरा वर्षे रोज येणारी बाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. आमच्या घराची एक चावी त्यांच्याकडे असे. आम्ही दोघे कॉलेजात असताना त्या येऊन काम करून जात. ती त्यांनी टेबलावर ठेवली. 'सर, तुमचा फोन म्हणतो मी अनोळखी आहे. मग ही चावी कशाला माझ्याकडं?' आम्ही फोनच्या, यादीच्या, कंपनीच्या वतीने काहीबाही सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. काम सोडले नाही, पण चावी घेतली नाही, आणि दोन घरे सोडली.

त्या सत्रात आम्ही तृतीय वर्षाला लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' शिकवीत होतो. यादीत जन्मलेल्या माणसाकडे जग कसे पाहते हे पुस्तक १९८७ पासून आपल्याला सांगत आले आहे. गुन्हेगार जमातींचा कायदा तर १९५२ च्या ३१ ऑगस्टलाच रद्द झाला. सकाळी वर्गात यावर तासभर बोलायचे आणि रात्री समितीत 'संशयास्पद हालचाल' या सोयीची किंमत ठरवायची, असे काही दिवस चालले. कोणी विद्यार्थ्याने विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

गोषवारा आम्ही लिहिला तो असा. चेहरे ओळखणारी यंत्रणा घेऊ नये. माणूस, वाहन, जनावर यांतला फरक करणारी पुरे. साठवण इमारतीतच, आपल्या डिस्कवर असावी. बाहेरच्या सर्व्हरवर मासिक वर्गणी भरून नको. दोन मेगाबिटच्या वेगाने एक कॅमेरा दिवसाला सुमारे साडेएकवीस जीबी जागा खातो. आठ कॅमेऱ्यांचे पंधरा दिवस ठेवायचे तर अडीच टीबीहून अधिक लागते. एका कोटेशनात एक टीबीची डिस्क आणि 'तीस दिवस' असे वचन एकाच ओळीत होते. सलग चित्रीकरणात ती सहा दिवसही पुरत नाही. एप्रिल २०२५ पासून विक्रीच्या कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा-चाचणीचे प्रमाणपत्र आवश्यक आहे. ते प्रत्येकाकडून मागून घ्यावे. कोणताही कॅमेरा कोणाच्या दारात डोकावेल असा नसावा. सहरहिवाशांच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला आहे. तसेच २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यातली घरगुती वापराची सूट ही व्यक्तीसाठी आहे. सोसायटी ही व्यक्ती नव्हे. आणि शेवटी, चित्रीकरण कोणी पाहिले, कधी, कशासाठी, याची नोंद फाटकावरच्या वहीत सहीनिशी व्हावी. एखाद्यावर चुकीचा आळ आला तर तो घेणाऱ्याने सभेत येऊन तसे सांगावे. हा शेवटचा मुद्दा आम्ही जागल्याकडून उचलला होता, पण गोषवाऱ्यात तसे लिहिले नाही.

सभेत बरीच वादावादी झाली. 'प्राध्यापकांना चोरांची कणव' असेही एक वाक्य ऐकले. वहीचा मुद्दा अकरा विरुद्ध नऊ मतांनी कसाबसा मंजूर झाला, आळाविषयीचा नामंजूर. दुसऱ्या कोटेशनाची यंत्रणा घेतली गेली. ती बसवायला आलेल्या मुलाने फोनवरची मराठी मांडणी दाखवली तर तिथेही, केवळ माणूस ओळखणाऱ्या त्या स्वस्त यंत्रणेतही, सूचना येत होती: 'अनोळखी व्यक्ती आढळली'. आम्ही म्हटले, नुसते 'व्यक्ती' असे करता येईल का? त्याने बराच वेळ मांडणी चाळली. शब्द कंपनीने घातलेला आहे, तो बदलता येत नाही, म्हणाला; सूचना तेवढी बंद करता येते. ती बंद करून घेतली.